निळ्या प्रकाशाची लढाई : ब्लू-रे नेमके कशामुळे जिंकले?

१/ १९ फेब्रुवारी २००८. तोशिबाने एचडी डीव्हीडीचा व्यवसाय थांबवत असल्याचे जाहीर केले आणि दोन वर्षे बाजारपेठेत चाललेली झुंज संपली. सोनी व तिच्या सहकारी कंपन्यांचे ब्लू-रे विजयी ठरले. ‘अधिक चांगले तंत्रज्ञान जिंकले’ असे या लढाईचे सार आजही सांगितले जाते. ते सोयीचे आहे. पुरते खरे मात्र नाही. #धागा

२/ आधी मूळ प्रश्न. तबकडीवर माहिती सूक्ष्म खाचांच्या रूपात असते आणि लेझरचा किरण त्या खाचा वाचतो. किरणाचा ठिपका जितका लहान, तितक्या खाचा दाट बसवता येतात. ठिपका लहान करण्याचे मार्ग दोन : प्रकाशाची तरंगलांबी कमी करणे, किंवा किरण अधिक एकवटणारे भिंग वापरणे.

३/ १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, अवरक्त. १९९६ च्या डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा, लाल. क्षमता सुमारे ७०० एमबीवरून ४.७ जीबीवर गेली. पण एचडी चित्रपटाला तीही अपुरी होती. पुढची पायरी निळ्या प्रकाशाची. १९९० च्या दशकाच्या आरंभी मात्र असा टिकाऊ लेझर कोणाकडेच नव्हता.

४/ तो घडला जपानच्या शिकोकू बेटावर, तोकुशिमा प्रांतातील निचिया या रसायन कंपनीत. गॅलियम नायट्राइडच्या संशोधनाचा पाया नागोया विद्यापीठात इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी घातला होता. निचियाच्या शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये तेजस्वी निळा एलईडी सिद्ध केला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत निळा-जांभळा लेझरही. निळ्या एलईडीसाठी या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

५/ पेटंटबद्दल कंपनीने नाकामुरांना दिलेले बक्षीस होते २०,००० येन! ते न्यायालयात गेले. २००४ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने २,००० कोटी येन देण्याचा निकाल दिला. २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. ज्या प्रकाशावर दोन्ही छावण्या लढल्या, त्याच्या जन्मकथेचा नायक ना सोनीत होता, ना तोशिबात.

६/ लेझर दोघांचाही ४०५ नॅनोमीटरचाच. फरक होता भिंगात आणि तबकडीच्या रचनेत. ब्लू-रेने माहितीचा थर पृष्ठभागाखाली अवघ्या ०.१ मिलिमीटरवर आणला आणि एका थरात २५ जीबी साठवले. एचडी डीव्हीडीने तो डीव्हीडीप्रमाणेच ०.६ मिलिमीटरवर ठेवला. तिच्या वाट्याला १५ जीबी आले.

७/ मात्र या २५ जीबींची किंमत होती. पृष्ठभागालगतच्या थराला ओरखड्यांचे भय, म्हणून सुरुवातीच्या ब्लू-रे तबकड्या बंदिस्त कव्हरात येत. टीडीकेच्या कठीण लेपामुळे ती गरज उरली नाही. कारखान्यांना नवी यंत्रसामग्रीही लागणार होती. एचडी डीव्हीडी जुन्याच यंत्रांत थोडे फेरफार करून काढता येई. एकाने क्षमता निवडली, दुसऱ्याने सातत्य. दोन्ही निवडी समर्थनीय होत्या.

८/ २००५ मधील एकीकरणाची बोलणी फिसकटली आणि २००६ मध्ये दोन्ही तबकड्या दुकानांत आल्या. इथे सोनीची जुनी जखम कामी आली. तिचे १९७५ चे बीटामॅक्स जेव्हीसीच्या व्हीएचएसपुढे हरले होते. पुढे १९८९ मध्ये तिने कोलंबिया पिक्चर्स हा स्टुडिओच विकत घेतला. नोव्हेंबर २००६ च्या प्लेस्टेशन ३ मध्ये तिने ब्लू-रे बसवले. खेळासाठी यंत्र घेणाऱ्याच्या घरी ब्लू-रे आपोआप पोहोचले. एक्सबॉक्स ३६० चा एचडी डीव्हीडी ड्राइव्ह मात्र वेगळा विकत घ्यावा लागे.

९/ क्षमतेचा मुद्दा अगदीच गैरलागू होता, असे नाही. पण केवळ क्षमताच निर्णायक असती, तर ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंटने मोठी तबकडी सोडून लहान तबकडीची बाजू का घेतली असती? ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर ब्रदर्स ब्लू-रेकडे वळली. मागोमाग नेटफ्लिक्स, वॉलमार्ट. ४६ दिवसांत तोशिबाने माघार घेतली. या ४६ दिवसांत १५ चे १५ आणि २५ चे २५ च राहिले. बदलले ते करार.

१०/ किंमत मोजली ग्राहकाने. कुणाच्या घरी निरुपयोगी प्लेयर उरला. अनेकांनी निकाल लागेपर्यंत खरेदीच टाळली. तोवर, जानेवारी २००७ मध्येच, नेटफ्लिक्सने इंटरनेटवरून चित्रपट दाखवायला सुरुवात केली होती. तबकडीला जम बसवण्यासाठी मिळालेली मोलाची वर्षे तबकडीवाल्यांनी आपसांतल्या भांडणात घालवली. सप्टेंबर २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने टपालाने तबकड्या पाठवणे बंद केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने रेकॉर्ड करण्याजोग्या कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले.

११/ म्हणून ‘कोणते तंत्रज्ञान श्रेष्ठ?’ हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याला पुरणारा नाही. निर्णय कोणाच्या हाती होता, हे विचारायला हवे. विकत घेतलेली तबकडी निदान घेणाऱ्याच्या मालकीची असते. ती त्याच्या कपाटातून कोणी परत नेत नाही. ऑनलाइन चित्रपट करार संपताच यादीतून नाहीसा होतो. ज्या करारांनी २००८ मध्ये एक तबकडी मोडीत काढली, तसलेच करार आज कोणता चित्रपट किती दिवस पाहता येईल, हे ठरवतात. विजेत्याचे नाव पाठ करण्यापेक्षा हे ध्यानात ठेवणे अधिक मोलाचे आहे.