कॉलसाइनची यादी उघडी हवी, घराचं दार नको!

मित्रहो, पोस्ट लांब आहे. पण पुढचा पूर यायच्या आत वाचून घ्या.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेनं काय केलं ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याकडे आधी लाइट गेली, मग टॉवर बंद पडले आणि हातातला मोबाइल नुसता टॉर्च म्हणून उरला. पाणी ओसरल्यावर मी एका सरकारी कचेरीत विचारलं, "साहेब, आपल्याकडे हॅम रेडिओवाले किती आहेत आणि कोण?" साहेबांनी कपाटातून एक जुनी झेरॉक्स काढली. सात नावं. त्यातले दोघे वारलेले, एक मुलाकडे पुण्याला गेलेला, एकाचं लायसन कधीच संपलेलं. उरलेल्या तिघांपुढे लँडलाइनचे नंबर. ही आपली आपत्कालीन तयारी!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हॅम म्हणजे हौशी रेडिओ ऑपरेटर. केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यायची, पडताळणी होते, मग लायसन मिळतं आणि त्यासोबत स्वतःचा कॉलसाइन. आपल्याकडे तो साधारण 'व्हीयू'ने सुरू होतो. व्हीयू टू म्हणजे वरची श्रेणी, व्हीयू थ्री म्हणजे मर्यादित श्रेणी. राजीव गांधींचा कॉलसाइन व्हीयू टू आरजी होता. पण हा श्रीमंतांचा छंद आहे असं समजू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली तेव्हा, २००१ ला भुज कोसळलं तेव्हा, याच लोकांनी निरोप पोचवले. २००४ च्या त्सुनामीत भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी योगायोगाने पोर्ट ब्लेअरला सेट घेऊन गेलेले होते, म्हणून अंदमानची खबर मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांना मिळाली.

मग ही माणसं शोधायची कुठं? सगळे सांगतात, 'क्यूआरझेड डॉट कॉम'वर बघा. क्यूआरझेड हा रेडिओवाल्यांचा सांकेतिक शब्द, अर्थ 'मला कोण बोलावतंय?' अमेरिकेतली साइट आहे. कॉलसाइन टाकला की नाव, गाव, फोटो, पत्ता पुढ्यात. चांगली सोय आहे, मी नाकारत नाही. पण आपल्याकडच्या माणसांची माहिती तिथं ज्याची त्यानं भरलेली असते. भरली तर भरली, बदलली तर बदलली. माणूस जातो, पान तसंच राहतं. सांगली-कोल्हापूरच्या पुराची यादी आपण परदेशातल्या खासगी साइटवर शोधायची?

आता नाण्याची दुसरी बाजू. शेजारच्या गावातली एक मुलगी जिद्दीनं परीक्षा पास झाली. रेडिओवर बोलणं झालं की एकमेकांना क्यूएसएल कार्ड पाठवायची पद्धत आहे. कार्डं घरी यावीत म्हणून तिनं साइटवर पूर्ण पत्ता टाकला, घर नंबरासकट. आधी अनोळखी माणसाची पाकिटं आली, मग भेटवस्तू, मग एके दिवशी तो स्वतः गल्लीच्या तोंडाशी उभा. आता तिचं पान बंद आहे आणि सेटही बंद आहे. वडील म्हणाले, "भाऊ, छापू नका. नको ते वाढेल." मी छापलं नाही. पण गप्पही बसणार नाही. बाराव्या वर्षापासून ही परीक्षा देता येते. म्हणजे शाळकरी पोरांचे पत्तेही असेच चव्हाट्यावर येऊ शकतात.

जुने हॅम मला म्हणतात, "अहो, पूर्वी कॉलबुक छापील यायचं, त्यातही पत्ते असायचे. टेलिफोन डिरेक्टरीत नव्हते का?" होते ना काका. पण ते पुस्तक मोजक्या कपाटांत असायचं. आज तोच पत्ता फेसबुकच्या फोटोला आणि नकाशाला जोडायला दोन मिनिटं लागतात. पत्ता तोच असेल, धोका तोच नाही.

दुसरे म्हणतात, "मग यादीच नको, सगळं गुप्त ठेवा." हेही साफ चूक. हवेतल्या लहरी कुणाच्या बापाच्या नाहीत. ती सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच सांगितलंय. ती वापरायचं लायसन कुणाला दिलं, हे विचारायचा हक्क जनतेला आहे. कॉलसाइन तर हवेत जाहीर उच्चारायलाच लागतो. तो खरा की खोटा, चालू की संपलेला, हे तपासता आलंच पाहिजे. आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यानं माहिती अधिकारातल्या वैयक्तिक माहितीच्या पोटकलमालाच हात घातलाय. आता 'वैयक्तिक आहे' म्हणून अशी साधी यादीही नाकारली जाईल, ही माझी भीती पत्रकार म्हणून आहे. खासगीपणाची ढाल नागरिकासाठी असते, कचेरीच्या आळसासाठी नव्हे.

मधला रस्ता नाही असं नाही. अमेरिकेत सरकारी संकेतस्थळावर लायसनधारकाचा टपालाचा पत्ता दिसतो, पण तिथं घराऐवजी पोस्ट बॉक्स देता येतो. जर्मनीत सरकारच कॉलसाइनची यादी प्रसिद्ध करतं, पण पत्ता छापू नका म्हटलं तर छापत नाहीत. एवढं सोपं आहे.

माझ्या मागण्या तीनच.

एक, दूरसंचार विभागानं कुणालाही शोधता येईल अशी कॉलसाइनची यादी ठेवावी. त्यात कॉलसाइन, नाव, श्रेणी, जिल्हा आणि लायसनची मुदत. घराचा पत्ता, फोन नाही.

दोन, पत्ता आणि फोनसहित पूर्ण यादी जिल्हाधिकाऱ्यांच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात असावी आणि दरवर्षी मे महिन्यात प्रत्येकाला फोन लावून ती तपासावी. पाऊस जूनमध्ये येतो, झेरॉक्स कपाटात वर्षभर असते.

तीन, हॅम मित्रांनो, ही मागणी तुमच्याकडे. आज रात्रीच आपापलं पान उघडा. घर नंबर काढा, कार्डांसाठी क्लबचा किंवा ब्यूरोचा पत्ता द्या. क्लबमध्ये नवीन मुलगी आली तर मोर्स शिकवायच्या आधी हे शिकवा.

त्या मुलीचा सेट परत सुरू व्हायला हवा. पुढच्या पुरात आपल्या गावाचा निरोप कदाचित तीच पोचवणार आहे.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहे इथंच.