काटा हवा, पेट्रोल नको

मोटारीच्या डॅशबोर्डावर हल्ली एक पिवळा दिवा असतो. त्यावर इंजिनाचे चित्र असते. आत काही बिनसले की तो लागतो. काय बिनसले, किती बिनसले, हे सांगणे त्याच्या नोकरीच्या शर्तींत बसत नाही. आमच्या शाखेतले एक वरिष्ठ असेच आहेत. "काहीतरी चुकलंय, बघून घ्या," एवढे बोलून ते चहाला जातात.

मी बी.कॉम. माणूस. वीस वर्षे बँकेत काढली. माझा विश्वास आकड्यावर. चेक परत आल्यावर खाते रिकामे असल्याचे कळून काय उपयोग? शिल्लक आधी कळायला हवी.

गेल्या मे महिन्यात रत्नागिरीहून कोल्हापूरला येताना आंबा घाटाच्या चढावर आमच्या जुन्या गाडीने मान टाकली. दिवा लागला, पण गाडी थांबल्यावर! मागे सासूबाई, मांडीवर आंब्याची करंडी.

"जावईबापू, पेट्रोल भरलं होतं ना?"

भरले होते हो! टाकी अर्धी होती. पण पेट्रोलचा काटा टाकीत किती आहे तेवढेच सांगतो, इंजिनापर्यंत किती जोराने पोचते ते नाही. तिजोरीत रोकड आहे, पण कॅशियरच्या हातात येत नाही, अशातला प्रकार.

गॅरेजवाल्याने आधी प्लग बदलले, मग कॉइल, मग कसलासा सेन्सर. तीन बिले भरून झाल्यावर फिल्टर तुंबलेला निघाला. सपाटीवर भागत होते. चढावर इंजिनाची मागणी वाढली की दाब पडायचा. आमच्या इंजेक्शनच्या गाडीत हा दाब 3 बार, म्हणजे दर चौरस इंचाला 43-44 पौंड लागतो. (जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्या दोन-चार पौंडांत संसार करीत!) काटा तीनवरून घसरताना दिसला असता, तर तिन्ही बिले वाचली असती. मी डॅशबोर्डात फ्युएल प्रेशरचे मीटर बसवायचे ठरवले.

खरे भांडण इथे सुरू होते. गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, साधं मीटर लावू. पेट्रोलचाच पाइप आत घेऊ. निम्म्यात काम!"

खोटे कशाला बोलू, 'निम्म्यात' या शब्दावर माझी मान हललीसुद्धा. पण ही म्हणाली, "अहो, म्हणजे पेट्रोल माझ्या गुडघ्यापाशी?"

वाचकहो, निम्म्या पैशांचा हा मोह किती घातकी आहे पाहा! बंद काचांची गाडी, आजूबाजूला विजेच्या तारा, आणि त्यात तीन बार दाबाने भरलेली नळी. तिला एक चीर गेली की आत पेट्रोलचा फवारा. स्ट्राँगरूममधली रोकड मोजण्यासाठी ती कोणी मॅनेजरच्या टेबलावर आणून ओतते का? रोकड तिजोरीतच राहते, टेबलावर फक्त आकडा येतो. इथेही तोच नियम. दाब मोजणारा सेंडर बॉनेटखाली पेट्रोलच्या लाइनवर, आणि आत येणार ती नुसती वायर!

मी रजा टाकून गॅरेजात उभा राहिलो. इंजिन बंद केले तरी लाइनीत दाब साठून राहतो. म्हणून आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप मरेपर्यंत चालवायला लावले, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावली. गॅरेजवाल्याची बिडीही बाहेर काढली. हे सर्वांत अवघड काम. नळी आणि क्लिपा इंजेक्शनच्या दाबाला चालतील अशाच घ्यायला लावल्या आणि सांध्यांची गळती तपासल्याशिवाय पाकिटाला हात लावला नाही. "साहेब, तुम्ही ऑडिटला असता काय?" त्याने विचारले.

शेजारी हसतात. "विमान घेतलंत वाटतं!" हसोत. पण ज्या कंपन्या डॅशबोर्डात सिनेमाची गाणी वाजवणारा पडदा बसवतात, त्यांना त्यावर एक आकडा दाखवणे का जड जावे? गिऱ्हाइकाला आकडे कळत नाहीत, हे यांना कोणी सांगितले? पासबुकात पन्नास पैसे चुकले तर हेच गिऱ्हाईक काउंटर डोक्यावर घेते!

आता चढ लागला की हीच विचारते, "अहो, तीनवरच आहे ना?" काटा तीनवर असतो. पुढच्या मे महिन्यात सासूबाई फणस घेऊन येणार आहेत. तो दाब मोजणारे मीटर मात्र अजून बाजारात आलेले नाही.