छत्री कोणाची, चित्र कोणाला?



29 जून 2024, शनिवारची रात्र. बार्बाडोसला टी-20 विश्वचषकाचा अंतिम सामना, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. आमच्या कामठीतील गल्लीत एका तरुण धम्मबांधवाने महिनाभरापूर्वीच किस्तीवर 43 इंची एच.डी. टीव्ही आणला होता. घरी केबलचा डबा, महिन्याचे पैसे वेळेवर भरलेले. आठच्या ठोक्याला सारे घर टीव्हीपुढे बसले. त्याने दूरदर्शन लावले, तर तिथे भलताच कार्यक्रम. खेळाची वाहिनी लावली, तर ही वाहिनी तुम्ही घेतलेली नाही अशी पाटी. सगळी बटणे दाबून झाली. त्याची आई म्हणाली, "येवढा मोठा टीव्ही आणला अन् याच्यात मॅच नाई? मंग हा कायले आणला रे बाप्पा?"

समोरच्या घरात आजी राहतात. सारे आयुष्य विड्या वळून संसार ओढला. त्यांच्या कवेलूच्या छपरावर दूरदर्शनच्या फ्री डिशची गंजलेली छत्री आहे, खाली जुना डब्बेवाला टीव्ही. एकदा पैसे मोजले, त्यानंतर महिन्याचा एक रुपया नाही. त्या टीव्हीवर सामना सुरू होता! रंग थोडे फिके, पण सामना पुरा. शेवटी एच.डी. टीव्हीचा मालक सहकुटुंब आजीच्या घरात येऊन बसला. आम्हीही तिथेच होतो. भारत सात धावांनी जिंकला तेव्हा त्या दहा बाय बाराच्या खोलीत एवढी माणसे नाचली की आजीने टीव्हीवर हात ठेवला, पडू नये म्हणून. (सामना मोबाईलवर फुकट दिसत होता हे खरे, पोरे तिकडेच पाहत होती. पण घरच्या म्हाताऱ्यांनी तळहाताएवढ्या काचेत चेंडू कुठे शोधावा?)

दुसऱ्या दिवशी तो तरुण आमच्याकडे आला. वस्तीतील अर्ज-विनंत्या आम्ही लिहितो, म्हणून असली प्रकरणे आमच्याच दारी येतात. "भाऊ, फुकटवाल्याले दिसते अन् पैसेवाल्याले दिसत नाई, हा कोणता कायदा?" आम्ही केबलवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, कायदाच तसा आहे." आम्हास वाटले, हा थापा मारतो. जुनी कात्रणे काढली, चौकशी केली, तर तो खरे बोलत होता.

कायदा असा आहे. 1993 च्या हिरो कप क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून दूरदर्शन आणि बंगालची क्रिकेट असोसिएशन यांच्यात वाद झाला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 9 फेब्रुवारी 1995 रोजी निकाल लागला. न्या. पी. बी. सावंत त्या खंडपीठावर होते. हवेतून जाणाऱ्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांच्यावर सरकारची किंवा कोण्या एका कंपनीची मालकी नाही, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे त्या आकाशात आजीचाही वाटा आहे आणि आमचाही. पुढे 2007 साली संसदेने क्रीडा प्रक्षेपणाचा कायदा केला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे हक्क खाजगी वाहिनीने विकत घेतले तरी तिने ते चित्र प्रसार भारतीला द्यायचे. जाहिरातीच्या उत्पन्नात पंचाहत्तर टक्के वाटा त्या वाहिनीचा, पंचवीस टक्के प्रसार भारतीचा. इथपर्यंत ठीक. पण कायद्यात शब्द आहेत ते दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरील प्रक्षेपणाचे आणि स्वतःच्या डीटीएचचे. 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शब्दांचा अर्थ लावला. हे चित्र दूरदर्शनने आपल्याच मनोऱ्यावरून आणि आपल्याच फ्री डिशवरून दाखवावे, केबल व खाजगी डिशवाल्यांमार्फत ते पुढे जाऊ नये. 2018 साली केंद्राने दुरुस्तीचा मसुदा काढून लोकांच्या सूचना मागविल्या होत्या. त्या मसुद्याचा कायदा झाला नाही.

आता गंमत पाहा. केबलवाल्याने दूरदर्शनच्या वाहिन्या दाखविल्याच पाहिजेत असे 1995 चा केबल कायदा सांगतो. वाहिनी दिसते, सामना मात्र दिसत नाही. दारापर्यंत यायची परवानगी, आत यायची नाही. आपल्या समाजाला हा प्रकार काही नवा नाही.

पण वाचकहो, या दोन घरांची आणखी एक गोष्ट आहे. आम्हाला खरे बोलायचे आहे ते तिच्याबद्दल.

2019 च्या बुद्धपौर्णिमेला, 18 मे रोजी, स्टार प्रवाहवर बाबासाहेबांच्या जीवनावरील मालिका सुरू झाली, 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर, महामानवाची गौरवगाथा'. सागर देशमुख यांनी बाबासाहेबांची भूमिका केली. मराठीत रोजच्या मालिकेच्या वेळेला बाबासाहेब घरोघरी आले, ही साधी गोष्ट नव्हती. आमच्या वस्तीत तेवढ्या वेळेपुरती गल्ली रिकामी व्हायची. पण ही पैसे देऊन घ्यायची वाहिनी. फ्री डिशच्या छत्रीवर ती नव्हती. आजींचे मालक 1956 साली दहा वर्षांचे पोर होते, बापाच्या खांद्यावर बसून नागपूरला दीक्षाभूमीवर गेले होते. आजींना वाचता येत नाही. बाबासाहेबांचे चरित्र त्यांनी ऐकले ते मालकाच्या तोंडून आणि विहारात. ते डोळ्यांनी पाहायची त्यांना आस होती. म्हणून त्या रोज समोरच्या घरी जाऊन बसत, त्याच तरुणाच्या घरी. तेव्हा त्याच्याकडे लहान टीव्ही होता, पण केबल होती. दाराजवळ, भिंतीला टेकून, पदर सावरून बसायच्या. कोणी म्हटले, आजी, खुर्चीवर बसा, तर म्हणायच्या, बाबासाहेबापुढे मी खुर्चीवर बसू काय?

मग 2020 साल आले. कोरोना. कोणी कोणाच्या घरी जाईना, म्हाताऱ्या माणसाला तर दाराबाहेर पडू देत नव्हते. त्या ऑक्टोबरात मालिका संपली. शेवटचे भाग आजींनी पाहिले नाहीत. मोबाईलवर दिसले असते, पण त्यांच्याजवळ बटणांचा साधा फोन. समोरच्या खिडकीतून आवाज यायचा तेवढा त्या ऐकत राहायच्या.

सामना पाहायला हक्कदार कोण? ज्याच्याकडे फुकटची छत्री आहे तो. बाबासाहेब पाहायला हक्कदार कोण? ज्याच्याकडे दरमहाचे पैसे आहेत तो. एकाच गल्लीत, समोरासमोर दोन घरे, आणि दोघेही आळीपाळीने अपात्र!

पैशांचे म्हणाल तर आकडेमोड हा आमचा पोटापाण्याचा धंदा, म्हणून थोडा हिशेब मांडतो. 1 फेब्रुवारी 2019 पासून ट्रायची नवी दरपद्धत लागू झाली. शंभर साध्या वाहिन्यांसाठी नेटवर्कचा आकार जास्तीत जास्त 130 रुपये, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे. हे झाले दार उघडायचे पैसे. सशुल्क वाहिन्यांची किंमत वेगळी. या मोजणीत एच.डी.ची एक वाहिनी साध्या दोन वाहिन्यांच्या बरोबरीची धरायची. पुढे वाहिन्यांची संख्या दोनशे केली, आणि जुलै 2024 मध्ये तर या आकारावरची कमाल मर्यादाच काढून टाकली. आता कंपनी ठरवील तो आकार. त्याच वेळी ट्रायने एक गोष्ट मात्र चांगली केली. जी वाहिनी दूरदर्शनच्या फ्री डिशवर फुकट आहे, तिचे केबल-डिशवर पैसे घ्यायचे नाहीत, असा नियम घातला. म्हणजे दोन्ही छपरांना एकच न्याय लावता येतो, मनात आणले तर.

फ्री डिशवाल्यांनीही निश्चिंत राहू नये. 1 मार्च 2019 ला आणि पुन्हा 1 एप्रिल 2022 ला मोठ्या कंपन्यांनी आपल्या फुकटच्या हिंदी मनोरंजन वाहिन्या तिथून काढून घेतल्या होत्या. आणि ज्यांचा डबा जुना आहे, त्यांना फ्री डिशवरच्या एच.डी. वाहिन्या दिसत नाहीत, त्याला एमपेग-4 चा डबा लागतो. नवा एच.डी. टीव्ही आणून जुनाच डबा जोडला तर चित्र जुनेच दिसेल. हे दुकानदार सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो.

हा घोळ आपल्याच देशात आहे असेही नाही. अमेरिकेत 1988 साली घरगुती डिशवाल्यांसाठी कायदा झाला. ज्या घराला छपरावरच्या साध्या अँटेनाने एबीसी, सीबीएस, एनबीसी यांसारख्या मोठ्या वाहिन्यांचे चित्र नीट मिळत नाही, त्याच घराने त्या वाहिन्या डिशवरून परगावाहून घ्याव्यात. मागील नव्वद दिवसांत केबलवर ती वाहिनी घेतली असेल तरी अपात्र. पुढे तर घराच्या पत्त्यावरून गणित मांडून पात्रता ठरू लागली, आणि ज्याला नकार मिळाला त्याने गावच्या स्टेशनकडे सवलतीसाठी अर्ज करायचा. तिथल्या गृहस्थालाही खिडकीतून दिसणारा मनोरा आणि टीव्हीवरची मुंग्यांची फौज यांचा मेळ लागत नसे. पण निदान अर्ज करायची सोय होती. आमच्या आजीने कोणाकडे अर्ज करावा?

केबल घेणाऱ्यांनी एवढे करावे. वाहिन्या सुट्या निवडण्याचा तुम्हाला हक्क आहे, गठ्ठाच घ्या असे कोणी म्हटले तर ऐकू नये. ज्या वाहिन्या घरात कोणी पाहत नाही त्या काढून टाकाव्यात. पावती मागावी. पावती न मागण्याची आपल्या लोकांची सवय फार जुनी आहे, तिच्यावर एकदा वेगळे लिहू.

आणि आम्ही काय केले ते सांगतो. आमच्या विहारात वर्गणीतून फ्री डिश बसविली, एमपेग-4 च्या डब्यासकट. आणि दोन अर्ज तयार केले. पहिला माहिती व प्रसारण मंत्रालयाला. 2007 च्या कायद्यात दुरुस्ती करून राष्ट्रीय महत्त्वाचे सामने दूरदर्शनच्या वाहिनीवर कोणत्याही डब्यातून दिसू द्यावेत. दुसरा प्रसार भारतीला. बाबासाहेबांवरील मालिकेच्या पुनःप्रक्षेपणाचे हक्क घेऊन ती सह्याद्री वाहिनीवर दाखवावी. सह्याद्री फ्री डिशवरही आहे आणि केबलवरही. दोन्ही घरांत दिसेल.

अर्ज विहारात ठेवले आहेत. रविवारी वंदनेनंतर सह्या घेऊ. ज्यांना सही येत नाही त्यांच्यासाठी शाईचा पॅड आणला आहे. पहिला अंगठा आजींचा झाला आहे.