गट विरला, आवाज उरला

खालापूर : द्रुतगती मार्गावरील टोलनाक्यामुळे खालापूरचे नाव मुंबई-पुण्याच्या प्रवाशांना तोंडपाठ झाले आहे. मनोरंजनाच्या व्यवसायाला मात्र हा तालुका वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. ‘कर्जतचा’ म्हणून ओळखला जाणारा, परंतु प्रत्यक्षात खालापूर तालुक्यात चौकनजीक असलेला एन. डी. स्टुडिओ कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी २००५ मध्ये उभारला. ‘जोधा अकबर’चे भव्य देखावे तेथेच उभे राहिले. पुढे २०११ मध्ये ‘बिग बॉस’च्या पाचव्या पर्वाचे घरही कर्जत परिसरातच थाटण्यात आले. माणसांना कॅमेऱ्यासमोर आणून त्यांच्या आशा-निराशेचाच कार्यक्रम करणारा हा उद्योग घाटाच्या पायथ्यापर्यंत पोहोचला, तोवर त्याच्या पहिल्या फळीतील एका प्रयोगाचा निकाल लागून गेला होता. तो प्रयोग म्हणजे ‘व्हिवा’ हा पाच मुलींचा पॉप गट.

द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला त्याच वर्षी, म्हणजे २००२ मध्ये, ‘चॅनेल व्ही’ या वाहिनीने ‘पॉपस्टार्स’ हा कार्यक्रम भारतात आणला. गायनस्पर्धा प्रेक्षकांना नव्या नव्हत्या; ‘झी’वरील ‘सा रे ग म’ १९९५ पासून घराघरांत पाहिले जात होते. ‘पॉपस्टार्स’चे वेगळेपण असे की, त्यात विजेती एक नव्हती. निवड चाचणीपासून ध्वनिमुद्रणापर्यंतचा सारा प्रवास दाखवत पाच अनोळखी मुलींचा एक गट ‘घडवायचा’ होता. नेहा भसीन, अनुष्का मनचंदा, प्रतिची महापात्र, महुआ कामत आणि सीमा रामचंदानी या पाचजणींची निवड झाली. गाणी आणि चेहरे दोन्ही तरुणांच्या तोंडी झाले. परंतु पहिल्या अल्बमनंतर महुआ कामत बाहेर पडली, उरलेल्या चौघींनी काही काळ गाडा ओढला आणि दशकाच्या मध्यापर्यंत गट संपुष्टात आला.

गट का टिकला नाही, याचे उत्तर पाचजणींच्या स्वभावात शोधण्याची प्रथा आहे. रुसवेफुगवे, मत्सर, कोणाला अधिक ओळी मिळाल्या याची चर्चा वाचायला चटकदार असते. वस्तुस्थिती अधिक रुक्ष आहे.

साच्यातला गट

‘पॉपस्टार्स’ ही मूळची न्यूझीलंडमधील कल्पना. तेथे १९९९ मध्ये ‘ट्रूब्लिस’ हा मुलींचा गट तिच्यातून जन्मला. पाठोपाठ ऑस्ट्रेलियात ‘बार्डो’ आणि ब्रिटनमध्ये ‘हिअर से’ हे गट तयार झाले. या साच्यात गट हा कार्यक्रमाचा शेवट असतो, व्यवसायाचा आरंभ नव्हे. पर्व संपले की वाहिनीला नवे पर्व हवे असते. भारतात तसेच घडले. २००३ मध्ये दुसऱ्या पर्वातून दोन तरुण व दोन तरुणींचा ‘आस्मा’ हा गट पुढे आला आणि प्रकाशझोत तिकडे वळला. ‘आस्मा’ही फार काळ टिकला नाही.

बाजारही प्रतिकूल होता. चित्रपटबाह्य हिंदी पॉपची नव्वदच्या दशकातील भरती ओसरू लागली होती. एमपी-थ्रीच्या चोरट्या सीडी फुटपाथवर मिळू लागल्याने कॅसेटचा धंदा बसत चालला होता. जुन्या चित्रपटगीतांच्या रिमिक्सची लाट आली होती. ‘काँटा लगा’ हे रिमिक्स २००२ चेच. २००४ मध्ये ‘सोनी’ने ‘इंडियन आयडॉल’ सुरू केले आणि प्रेक्षकाच्या हाती एसएमएसचे मत दिले. २००५ च्या मार्चमध्ये मुंबईचा मराठी तरुण अभिजीत सावंत त्यात विजयी झाला. प्रेक्षक आता गटाला नव्हे, एका व्यक्तीला आपले मानू लागला होता.

याच साच्याने परदेशात वेगळा निकाल दिला, हेही ध्यानात घेतले पाहिजे. ब्रिटनमध्ये २००२ च्या अखेरीस ‘पॉपस्टार्स : द रायव्हल्स’ या पर्वातून ‘गर्ल्स अलाउड’ हा पाच मुलींचा गट तयार झाला. तो २०१३ पर्यंत टिकला आणि त्याची वीस गाणी सलग पहिल्या दहांत गेली. त्यातील शेरिलचे ‘फाइट फॉर धिस लव्ह’ हे स्वतंत्र गाणे २००९ मध्ये तेथील यादीत अव्वल ठरले. तेथे पॉप संगीताला स्वतःचा बाजार होता. गटातून बाहेर पडणाऱ्या गायिकेला उभे राहायला जमीन होती. भारतात ती जमीन चित्रपटाच्या मालकीची होती.

दुसऱ्याच्या चेहऱ्यामागे

गट विरल्यानंतर या मुलींपुढे दोन रस्ते होते : चेहरा विकायचा किंवा आवाज. अनुष्का मनचंदाने दोन्ही चाचपले. ती वाहिनीवर निवेदिका झाली, ‘खतरों के खिलाडी’च्या दुसऱ्या पर्वात उतरली आणि २०११ मध्ये ‘दम मारो दम’ या चित्रपटाच्या शीर्षकगीताला तिचा आवाज लाभला. पुढे ती ‘नुका’ या नावाने इलेक्ट्रॉनिक संगीताकडे वळली आणि चित्रपटांच्या मुख्य प्रवाहापासून दूर झाली.

नेहा भसीनने आवाजाचा रस्ता धरला. निवड झाली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. ‘पॉपस्टार’ म्हणून ख्यात झालेल्या मुलीला पार्श्वगायनात नव्याने उमेदवारी करावी लागली. २००७ मध्ये ‘सत्तम पोडादे’ या तमिळ चित्रपटात युवन शंकर राजा यांच्या संगीतात ती गायली. म्हणजे आधी दाद मिळाली ती जिला मातृभाषा म्हणता येणार नाही अशा भाषेत. २००८ मध्ये ‘फॅशन’मधील ‘कुछ खास’ने हिंदी श्रोत्यांना तिची नव्याने ओळख करून दिली. २०११ मध्ये ‘मेरे ब्रदर की दुल्हन’मधील ‘धुनकी’ आले. २०१६ मध्ये ‘सुलतान’मधील ‘जग घूमेया’ तिने गायले. या गाण्याचे अधिक वाजणारे रूप राहत फतेह अली खान यांच्या आवाजातील होते. तरीही २०१७ चा सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा ‘फिल्मफेअर’ पुरस्कार नेहाच्या रूपाला मिळाला.

निवडीपासून पुरस्कारापर्यंत पंधरा वर्षे लागली, ही या कारकिर्दीची खरी आकडेवारी. कार्यक्रमाने तिला काही महिन्यांत प्रसिद्धी दिली. प्रतिष्ठा मिळवायला दीड दशक गेले. आणि ती मिळाली तेव्हा पडद्यावर चेहरा दुसऱ्याच कुणाचा होता. ‘धुनकी’ रसिकांच्या स्मरणात आहे ते कतरिना कैफचे गाणे म्हणून. पार्श्वगायिकेचा आवाज ओळखीचा असतो, नाव मात्र विचारावे लागते.

म्हणूनच तिच्या वाटचालीतील महत्त्वाचे वळण पुरस्काराचे नसून त्याच्या आधीपासून सुरू झालेल्या पंजाबी लोकगीतांचे आहे. पती व संगीतकार समीर उद्दीन यांच्यासमवेत तिने पारंपरिक गीते नव्या वाद्यमेळात बांधली आणि स्वतःचा चेहरा घेऊन यूट्यूबवर आणली. येथे वाहिनीचा साचा नव्हता, नायिकेचा पडदा नव्हता. ज्या अर्थाने पाश्चात्त्य गायिका ‘सोलो’ म्हणवते, त्या अर्थाने नेहा भसीन स्वतंत्र झाली ती येथे. याची किंमतही होतीच. ‘व्हिवा’च्या काळापासून शरीरयष्टीबाबत आलेल्या दडपणाविषयी ती जाहीरपणे बोलली आहे आणि २०२४ मध्ये स्वतःच्या आजारपणाविषयी तिने समाजमाध्यमावर मोकळेपणाने लिहिले. स्वतंत्र गायिकेलाही दूरचित्रवाणीचा मोह सुटत नाही, हे तिच्याच वाटचालीतून दिसते. २०२१ मध्ये ती ‘बिग बॉस ओटीटी’त आणि पाठोपाठ ‘बिग बॉस’च्या पंधराव्या पर्वात दिसली. पुरस्कार मिळालेल्या गायिकेलाही विस्मरणात जाण्याची भीती असावी, ही बाब या व्यवसायाविषयी पुष्कळ काही सांगते.

मराठीचे उदाहरण

या पार्श्वभूमीवर मराठीतील एक उदाहरण तपासण्याजोगे आहे. २००८-०९ मध्ये ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ने महाराष्ट्राला वेड लावले. कार्तिकी गायकवाड विजेती ठरली. परंतु कार्तिकीसह आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे आणि रोहित राऊत हे पाचही जण ‘पंचरत्न’ म्हणून घराघरांत पोहोचले. येथेही पाचजण, येथेही वाहिनी, येथेही एकत्रित अल्बम. पण त्यांचा कायमचा गट बांधला गेला नाही. प्रत्येकाची ओळख आपापल्या गायकीशी जोडलेली राहिली : कुणी अभंगाचे, कुणी नाट्यसंगीताचे, कुणी भावगीताचे. रायगड जिल्ह्यातील अलिबागची मुग्धा शास्त्रीय गायनाकडे वळली. आर्याने २०१७ मध्ये ‘ती सध्या काय करते’मधून अभिनयातही पाऊल टाकले.

त्यांचा टिकाव लागण्याचे एक कारण म्हणजे मराठी गायकाला चित्रपटाखेरीज आणखी एक आधार आहे. गणेशोत्सव, नवरात्र, दिवाळी पहाट, गावोगावच्या व्याख्यानमाला व महोत्सव यांतून त्याला रसिक समोरासमोर भेटतो. मानधन मोठे नसेल. पण वाहिनीने पाठ फिरवली तरी हा रसिक पाठ फिरवत नाही. ‘व्हिवा’ला असे अंगण नव्हते. त्यांचा श्रोता पडद्यापलीकडे होता आणि वाहिनी बदलताच तोही बदलला.

हक्काचा प्रश्न

शेवटी प्रश्न पैशाचा आणि हक्काचा उरतो. गटाचे नाव, गाणी आणि प्रतिमा ही सहसा करार करणाऱ्या कंपन्यांची मालमत्ता असते. गायिका बाहेर पडते तेव्हा तिच्याबरोबर फक्त आवाज येतो. पार्श्वगायनातही चित्र फारसे निराळे नव्हते : एकदा मानधन घेतले की गाणे कितीही वाजो, गायकाचा संबंध संपला. २०१२ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील दुरुस्तीने कलावंतांचा रॉयल्टीवरील हक्क मान्य केला आणि २०१३ मध्ये गायकांच्या हक्कांसाठी स्वतंत्र संस्थेची नोंदणी झाली. ‘व्हिवा’च्या मुली करारावर सह्या करत होत्या तेव्हा यातील काहीही नव्हते.

आज कर्जत-खोपोलीपासून नागपूरपर्यंत शेकडो मुली मोबाईलवर गाणी ध्वनिमुद्रित करून निवड चाचण्यांना पाठवत असतात. पालकही त्यांच्यासोबत रांगेत उभे राहतात. त्यांच्यासाठी ‘व्हिवा’च्या कहाणीत निराश होण्यासारखे काही नाही, परंतु सावध होण्यासारखे पुष्कळ आहे. सही करण्यापूर्वी करार वकिलाकडून वाचून घ्यावा, आवाजाची तालीम पर्व संपल्यावरही थांबवू नये आणि वाहिनीच्या प्रसिद्धीला उत्पन्न समजू नये, एवढे व्यवहारज्ञान त्या पाच मुलींच्या अनुभवातून घेता येते. निवडलेल्या पाचांपैकी राष्ट्रीय पातळीवरील पार्श्वगायनाच्या शिखरापर्यंत एकच पोहोचली, आणि तीही पंधरा वर्षांनी. दूरचित्रवाणी गायिकेला दार उघडून देते. आत गेल्यावर घर मात्र तिला स्वतःच बांधावे लागते.