एका चिपवर दोन पात्या

देवासकरांना दोन पात्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंची थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एक, दरबार दोन, कारभारही दोन. १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन होईपर्यंत हे असेच चालले.

आज गाडीच्या आतल्या छोट्या संगणकात असाच संसार मांडलेला असतो. आपल्या धार जिल्ह्यातले पीथमपूर म्हणजे ट्रक-बसचे गाव, म्हणून मंडळी, या वेळी हा विषय.

पूर्वी गाडीचे सॉफ्टवेअर चिपला बांधलेले असे. चिप बदलली की बरेचसे पुन्हा लिहा! २००३ मध्ये बीएमडब्ल्यू, बॉश, फोक्सवॅगन वगैरे कंपन्यांनी मिळून 'ऑटोसार' हा आराखडा सुरू केला. त्यात सॉफ्टवेअरचे तुकडे असतात. प्रत्येक तुकडा एवढेच जाहीर करतो, की मला अमुक माहिती लागते आणि मी तमुक देतो. ती कोण पुरवणार, हे त्याला ठाऊक नसते. लग्नघरात पुऱ्या लाटणाऱ्या काकूंना कणीक मिळाल्याशी मतलब, मळली कोणी ते त्या विचारत नाहीत. कोणता तुकडा कोणत्या संगणकावर बसवायचा हे नंतर ठरते आणि मधला सांधा टूल तयार करून देते.

खाली ऑपरेटिंग सिस्टिम असते, पण मोबाइलसारखी नाही. किती कामे, कोणाचा मान पहिला, हे सगळे गाडी रस्त्यावर येण्याआधीच पक्के केलेले. आयत्या वेळी नवा पाहुणा नाही. ब्रेकला रांगेत उभे करून चालत नाही ना!

पुण्याची केपीआयटी याच क्षेत्रातली. आपल्याकडची मुले नोकरीला पुणे-बंगळुरूला जातात, त्यांतली काही हेच काम करतात. (आजीला मात्र ती "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढेच सांगतात.)

आता खरी गोम. दोन कंपन्यांचे तुकडे एकाच चिपवर आले, तर एकाने दुसऱ्याच्या मेमरीत हात घालू नये म्हणून कुंपण घालता येते. पात्यांची हद्दच म्हणा. पण प्रोसेसर एकच, त्याचा वेळ दोघांत वाटायचा. कागदावर सांधे अगदी जुळतात, तरी शेजारी कोण बसले आहे यावर तुकड्याला लागणारा वेळ बदलू शकतो. वेळेची मर्यादा घालून देता येते, हे खरे. पण ती ओलांडली तर सिस्टिम काय करणार? काम थांबवणार. आणि थांबवलेले काम ब्रेकचे असेल तर? तुकडे जोडणे सोपे झाले म्हणून गाडी तयार झाली, असे समजणारे व्यवस्थापक मला धोक्याचे वाटतात.

म्हणून पीथमपूरच्या नॅट्रॅक्सचे महत्त्व. २०२१ मध्ये सुरू झालेला तिथला ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक सगळ्यांना माहीत आहे, पण ब्रेकच्या चाचणीसाठी तिथे निराळा ट्रॅक आहे. फोटो त्याचे कोणी काढत नाही.

दिवाळीला घरी येणाऱ्या ताई-दादांपैकी कोणी या कामात असेल, तर फराळाच्या ताटावर जरूर विचारा: तुझ्या तुकड्याला जास्तीत जास्त किती वेळ लागतो, आणि तो शेजाऱ्यांसकट मोजला होतास का?