पंचविसावा कोनाडा आम्हाला नको

फोर्टात, ओव्हल मैदानाच्या कडेला राजाबाई टॉवर आहे. मुंबई विद्यापीठाचा. उंची 280 फूट. पाळी सुटली की मी कधी कधी तिथं जाऊन उभा राहतो. लोक वर बघतात ते किती वाजले म्हणून. मी बघतो कोनाड्यांतले पुतळे. एकूण 24. पश्चिम भारतातल्या जातीजमातींची माणसं, ज्याच्या त्याच्या पागोट्यासकट, वेशासकट.

म्हणजे बघा दोस्तहो, युनिव्हर्सिटी काढली 1857 साली, आणि पुढं तिच्या टॉवरवर कोरलं काय? जात! खाली ग्रंथालय, वर जात. या देशाचं इतकं खरं चित्र कुठल्या चित्रकाराला जमलं नसतं.

आता इतिहास ऐका. आराखडा लंडनच्या गिल्बर्ट स्कॉटचा. गड्यानं मुंबईत पाऊलही टाकलं नाही. काम लागलं 1 मार्च 1869 ला, संपलं नोव्हेंबर 1878 मध्ये. खर्च साडेपाच लाखांच्या घरात. त्यातले दोन लाख प्रेमचंद रायचंद यांचे, म्हणून टॉवरला त्यांच्या आईचं नाव. त्याबद्दल आपली तक्रार नाही. आई कुणाचीही असो, आईच.

पण पैसा आला कुठनं? 1861 साली अमेरिकेत गुलामीवरनं यादवी पेटली. तिथल्या गुलामांनी वेचलेला कापूस विलायतेतल्या गिरण्यांना मिळेना. इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पाऊस पडला. 1865 ला लढाई थांबली, बाजार कोसळला. देणगी त्याच तेजीतली, 1864 ची.

तो कापूस रानात कुणाच्या आयांनी वेचला? बंदरावर गासड्या कुणाच्या पाठीवरनं चढल्या? कुर्ल्याचा दगड कुणी फोडला? मी गोदीतला माणूस. गासडीचं वजन पाठीला कळतं, हिशेबाच्या वहीला कळत नाही. त्या आयांची नावं कुठल्या दगडावर आहेत, सांगा!

2018 साली युनेस्कोनं या सगळ्या परिसरावर जागतिक वारशाचा शिक्का मारला. वारसा म्हणता, मग वारस कोण तेही बोला.

उद्या कुणी शहाणा म्हणेल, तुमचाही एक पुतळा बसवू. नको! कोनाड्यात बसवलेला माणूस बोलत नाही. 1912 साली बाबासाहेब याच युनिव्हर्सिटीचे बी.ए. झाले. ते कोनाड्यात चढले नाहीत. दारातनं आत गेले, पुस्तक हातात घेतलं आणि ही सगळी उतरंड अंगावर घेतली.

आम्ही टॉवर पाडायला निघालो नाही. ज्यांनी दगड वाहिला त्यांची पोरं दगड का पाडतील? पायथ्याशी एक पाटी लावा: रानातल्या बाया, बंदरातले हमाल, खाणीतले पाथरवट, यांच्या घामावर हा टॉवर उभा आहे. आणि आमच्या पोरापोरींना आत येताना जात विचारून नजर फिरवणं बंद करा.

पाटी लावणार नसाल तर आम्ही लिहू. खडूनं लिहू. पुसाल, तर पुन्हा लिहू.