रिकाम्या खोलीचं वीजबिल

माझा मावसभाऊ डोंबिवलीत भाड्याने राहतो. अकरा महिन्यांचा करार, अठरा हजार भाडं, करार नवा झाला की थोडी वाढ. महिन्यातल्या एका रविवारी तो लोकलने चर्नी रोडला उतरतो, गिरगावातल्या एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर जातो, कुलूप उघडतो, दिवा आणि पंखा लावतो आणि समोरच्या बिऱ्हाडात चहा प्यायला बसतो. निघताना किल्ली त्यांच्याकडेच ठेवतो. दोन-चार दिवसांनी ते दिवा बंद करतात. खोली मावशीच्या नावावर. मावशी पाच वर्षांपासून लेकीकडे, पुण्यात. खोलीत माणूस नाही, पण मीटर फिरलं पाहिजे. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम 16 प्रमाणे, भाड्याची जागा सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने वापराविना पडून राहिली तर मालक ती परत मागू शकतो. प्रकरण कोर्टात गेलं तर वीजबिल दाखवता यावं, एवढ्यासाठी ही वारी. खोलीचं भाडं महिना बासष्ट रुपये.

तो तिथे राहत का नाही? एकशे साठ चौरस फुटांत दोन मुलं मावत नाहीत, आणि त्या जिन्यावरून चढायला त्याची बायको धजत नाही. कुणा गरजूला भाड्याने का देत नाही? मालकाच्या लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवला की खोली गेली. सोडून का देत नाही? हा प्रश्न मी एकदाच विचारला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा विचारला नाही.

भाडेनियंत्रण हे गरिबाचं कवच आहे, असं आपल्याकडे गेली पंच्याहत्तर वर्षं सांगितलं जातं. विधानसभेत सगळे पक्ष एका सुरात बोलतात असे विषय फार नाहीत. हा त्यातला एक. मला तो सूर चुकीचा वाटतो. चुकीचा कुठे आहे ते सांगतो, आणि बाजाराची बाजू घेणारे माझे मित्र कुठे चुकतात तेही.

कायदा आला तेव्हाची निकड खरी होती. मुंबईत भाड्यावर पहिलं नियंत्रण 1918 साली, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर सिमेंट-लोखंडाची टंचाई, त्यात फाळणीचे निर्वासित. 1947 चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा त्या परिस्थितीतला. बहुतेक जुन्या जागांचं ‘प्रमाण भाडं’ 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधलं गेलं. कायदा तात्पुरता होता. मग मुदतवाढ मिळत गेली, पुन्हा मिळाली, आणि अर्धं शतक निघून गेलं. 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की एकेकाळी रास्त असलेलं हे बंधन काळ बदलल्यावर अवाजवी झालं आहे. त्यावर राज्याने 1999 चा नवा कायदा केला, 31 मार्च 2000 पासून तो लागू झाला आणि वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली. बासष्ट रुपयांवर चार टक्के म्हणजे अडीच रुपयेसुद्धा नाहीत. चाळीचा मेहता पावती घेऊन येतो तेव्हा मावशी त्याला जो चहा पाजायची, त्याच्या साखरेचे पैसे.

आता पहिला दावा: या कायद्याने घर स्वस्त राहिलं. भाडं स्वस्त राहिलं, हे कबूल. घर राहिलं का? मावशीच्या सासऱ्यांनी ती खोली घेतली तेव्हा पागडी मोजली होती. त्या काळी पागडी घेणं गुन्हा होता, म्हणून व्यवहार रोखीत, पावतीशिवाय, बंद दाराआड. पुढच्या भाडेकरूने मागच्याला पागडी द्यायची, त्यातला हिस्सा मालकाने घ्यायचा आणि पावती नव्या नावावर करून द्यायची, अशी रीत मुंबईभर रुळली. म्हणजे किंमत गोठली नव्हती. पुढच्या दाराने तिला मज्जाव केला, ती मागच्या दाराने आत येऊन बसली, आणि येताना काळी होऊन आली. ज्याच्याकडे रोख रक्कम होती त्याला खोली मिळाली. ज्याच्याकडे फक्त महिन्याचा पगार होता, त्याला? त्याला मिळाली झोपडी.

किंमत पागडीत गेली, याहून मोठं नुकसान दुसरंच झालं. भाडं दर महिन्याला येतं, पागडी पिढीतून एकदा. इमारतीला मात्र दर पावसाळ्यात गळती असते. चाळीत चाळीस खोल्या धरा, प्रत्येकी बासष्ट रुपये: महिन्याला 2,480. एवढ्यात एक प्लंबर मागच्या सांडपाण्याच्या पाइपावर चढत नाही. मालकाने दुरुस्ती थांबवली, कारण घातलेला पैसा परत येणार नव्हता. भाडेकरूने केली नाही, कारण इमारत त्याची नव्हती. 1969 साली सरकारने तोडगा काढला: दुरुस्तीसाठी उपकर आणि त्या कामाला वेगळं मंडळ. शहर भागातल्या साडेएकोणीस हजारांहून अधिक इमारती ‘उपकरप्राप्त’ झाल्या. हा शब्द ऐकला की काहीतरी प्राप्त झाल्यासारखं वाटतं. प्राप्त झाले ते टेकू. गॅलरीखाली लाकडाचे, मग लोखंडाचे. 31 ऑगस्ट 2017 ला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळून तेहतीस माणसं गेली. 16 जुलै 2019 ला डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळला. प्रत्येक वेळी चौकशी झाली, कुणाच्या परवानगीने काय वाढवलं होतं यावर चर्चा झाली. गोठलेल्या भाड्याचं नाव त्यात क्वचितच निघालं.

दुसरा दावा अधिक भावनेचा आहे: नियंत्रण उठलं तर गरीब रस्त्यावर येईल. कुठला गरीब? 2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबईतले सुमारे 41 टक्के लोक झोपडपट्टीत होते. गोवंडीत, धारावीत भाड्याने राहणारा माणूस बाजारभावानेच भाडं देतो, अनामत देतो, आणि त्याच्या पाठीशी कुठलंही कलम 16 नाही. गोठलेलं भाडं त्याच्या वाट्याला कधी आलंच नाही, कारण तो उशिरा आला. हा कायदा गरीब-श्रीमंत पाहत नाही. पाहतो तो आधी कोण आलं. म्हणून तो मावशीच्या खोलीला लागतो तसाच मरीन ड्राइव्हवरच्या समुद्राभिमुख फ्लॅटलाही लागतो. बँका आणि एक कोटी किंवा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्यासुद्धा 2000 पर्यंत याच सावलीत होत्या. नव्या कायद्याने त्यांना बाहेर काढलं. तेव्हा त्यांच्या बाजूने कुणी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही.

उशिरा येणाऱ्यांचं काय झालं, ते 1 फेब्रुवारी 1973 या तारखेत आहे. त्याआधी भाडेनियंत्रण टाळायला ‘लिव्ह अँड लायसन्स’ची वाट निघाली होती. सरकारने दुरुस्ती करून त्या दिवशी जागेत असलेल्या परवानाधारकांना एका फटक्यात भाडेकरू ठरवलं. ज्यांना ठरवलं त्यांचं भलं झालं. बाकीच्या मालकांनी मात्र धडा घेतला: जागा रिकामी राहिली तरी चालेल, माणूस आत नको. 2017-18 च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत, 2011 च्या जनगणनेच्या आधारे, मुंबईत सुमारे 4.8 लाख घरं रिकामी असल्याचं नोंदलं आहे. देशाच्या शहरांत भाड्याच्या घरांचं प्रमाण 1961 साली 54 टक्के होतं, 2011 साली 28 वर आलं, हेही त्यातच. या घसरणीचं एकच कारण आहे असं मी म्हणणार नाही. पण ज्या मालाचा भाव सरकार ठरवतं आणि तो परत मिळेल की नाही हेही सरकारच ठरवतं, तो माल दुकानात दिसेनासा होतो, हे रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पिढीला समजवायला नको.

कांद्याचा भाव पाडला की शेतकऱ्यावर अन्याय होतो, हे आपल्यातल्या पुष्कळांना शेतकरी नेते शरद जोशींमुळे पटलं. त्यातलेच पुष्कळ जण चाळीच्या भाड्याचा विषय निघाला की खिडकीबाहेर बघतात. असो.

आता माझ्या बाजूच्या मंडळींकडे वळतो. ‘भाडेकरू फुकटे आहेत, सगळे निर्बंध उठवा, मालकाला त्याची मालमत्ता परत द्या,’ असं ते म्हणतात. हे बाजाराचं तत्त्व नव्हे. बाजार करारावर उभा असतो, आणि पागडी हा करार होता. कायद्याने तो लपवायला लावला म्हणून तो नव्हता असं होत नाही. मावशीच्या सासऱ्यांनी मोजलेली रक्कम मालकाच्या आजोबांनी खिशात घातली होती. 1999 च्या कायद्याने कलम 56 मध्ये पागडीच्या देवाणघेवाणीला मान्यता दिली, म्हणजे राज्यानेही ते कबूल केलं. ज्याने बाजारभाव मोजून हक्क घेतला, त्याला ‘बाजार’ हाच शब्द उच्चारून बाहेर काढायचं, हा कुठला न्याय?

राज्याचा उलट टोकाचा उपायही पाहिला आहे. 1986 साली म्हाडा कायद्यात आठ-अ प्रकरण घातलं गेलं: सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली तर महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट देऊन इमारत संपादित करता येईल. शंभर पट! बासष्ट रुपयांच्या खोलीचे 6,200. गिरगावात. मालकांची संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेली, आणि त्या प्रकरणातून निघालेला प्रश्न शेवटी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींपुढे पोहोचला. 5 नोव्हेंबर 2024 ला बहुमताने ठरलं की प्रत्येक खासगी मालमत्ता ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ होत नाही.

मग करायचं काय? बाजाराने उत्तर केव्हाच शोधून ठेवलं आहे; आपण ते वाचत नाही एवढंच. पागडीची खोली हस्तांतरित होते तेव्हा साधारण तेहतीस टक्के मालकाला आणि बाकी भाडेकरूला, अशी वाटणी मुंबईत रूढ आहे. कुणी समिती नेमली नाही, कुणी अध्यादेश काढला नाही. दोघांनी घासाघीस करत पिढ्यांमागून पिढ्या हा आकडा ठरवला. तो अंतिम धरा असं नाही, पण सुरुवात तिथून करा. भाडेकरूचा हिस्सा त्याच्या नावावर नोंदवा. तो विकता यावा, गहाण ठेवता यावा, पोटभाड्याने देता यावा. मालकाचा हिस्साही तसाच. दोघांनाही इमारत उभी राहण्यात फायदा दिसला की टेकूची गरज कमी होईल.

राहण्याची शाश्वती आणि भाड्याचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; आपल्या कायद्याने त्या एकत्र शिजवल्या. अकारण कुणाला बाहेर काढू नये, ही तरतूद ठेवा. भाडं मात्र टप्प्याटप्प्याने आजूबाजूच्या भाड्याकडे जाऊ द्या. ज्या वृद्धेला ते खरोखर झेपणार नाही, तिची मदत राज्याने तिजोरीतून करावी. दया ही सरकारची भूमिका असेल तर तिचं बिल एका चाळमालकाच्या नावे का फाडायचं? महापालिकेलाही याची झळ बसली होतीच. मालमत्ता कर वर्षानुवर्षं भाड्यावर आधारलेल्या करयोग्य मूल्यावर होता, भाडं गोठलं की करही गोठला. 2010 पासून मुंबईने भांडवली मूल्याची पद्धत धरली ती काही उगाच नाही.

आणि एक गोष्ट ठासून सांगायला हवी, नाहीतर वरचं सगळं पोकळ ठरेल. भाडं सोडलं आणि चटईक्षेत्र आवळून ठेवलं तर भाडेकरू भरडला जाईल. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने शहर भागाला 1.33 आणि उपनगरांना 1 निर्देशांक दिला, आणि मग पुनर्विकासाच्या नावाखाली वाढीव क्षेत्र प्रकरणागणिक, परवानगीगणिक वाटलं. त्यातून जो धंदा उभा राहिला त्याला लोक ‘खुला बाजार’ म्हणतात, आणि रहिवासी संक्रमण शिबिरात अडकले की बाजाराला शिव्या देतात. ज्या धंद्यात मुख्य माल सरकारी सही आहे, त्याला खुला म्हणायला माझी तयारी नाही. बांधू द्यायचं असेल तर सर्वांना एकाच नियमाने बांधू द्या.

मावसभावाला हे सगळं मी एकदा सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘तेहतीस टक्के कुणाचे, त्याचे की माझे?’ मागच्या रविवारी तो गेला तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीखाली नवा टेकू लागला होता, आणि दार उघडायला त्याला तिरकं होऊन जावं लागलं. दिवा लावून तो परतीच्या लोकलला बसला.